नव्या नोटेचा जुना वास

पहाट फुटायची आहे. एक खिळखिळी बस रस्त्याच्या कडेला उभी आहे, प्रवासी उतरून गेले आहेत आणि कंडक्टर एकटाच पहिल्या फेरीची कमाई मोजतो आहे. महिनाअखेर आहे. पगाराला अजून काही दिवस आहेत, त्यामुळे सगळ्यांनी मुठीत जपलेली चिल्लरच पुढे केली. महिन्याच्या या शेवटच्या दिवसांना लेखकाने ख्रिस्ताच्या यातना-सप्ताहाचे नाव दिले आहे. एवढ्या एका नावात घरोघरचे रिकामे डबे आपल्याला दिसू लागतात, आणि पगाराचा दिवस म्हणजे पुनरुत्थान हेही न सांगता कळते. अशा कडकीच्या पहाटे कुणी एकाने सेडीची अख्खी नोट काढून दिली. अख्खी नोट देणारा माणूस ऐटीत असतो, परत मिळालेले सुटे पैसे तो मोजत नाही, हे कंडक्टरला पक्के ठाऊक. ती नोट तो हातात धरतो, नाकाशी नेतो आणि खोल श्वास घेतो. नोट नवी आहे, पण तिचा वास फार जुना, कुजका आहे. आणि त्या कुजकेपणात एक विचित्र समाधानही आहे. तो पुन्हा हुंगतो, पुन्हा हुंगतो.

घानाचे लेखक आयी क्वेई आर्मा यांच्या 'द ब्यूटिफुल वन्स आर नॉट यट बॉर्न' या १९६८ च्या कादंबरीचे हे पहिले दृश्य. आपण इथे जरा थांबू, कारण पुढे येणारे सगळे या एका श्वासात साठले आहे. सेडी हे घानाचे चलन जुलै १९६५ मध्ये आले. ब्रिटिश वळणाचे पौंड-शिलिंग-पेन्स बाजूला सारून स्वतंत्र देशाने स्वतःचे दशमान चलन काढले, ही केवढी अभिमानाची घटना! कादंबरीच्या काळात ती नोट जेमतेम काही महिन्यांची आहे. त्याच सुमारास, ज्या कोकोवर देशाची तिजोरी उभी होती त्याचा जागतिक बाजारातला भाव पार कोसळला होता. १९५४ मध्ये टनाला ४०० पौंडांपलीकडे गेलेला कोको १९६५ च्या मध्याला शंभर पौंडांच्याही खाली आला. आर्मा यातले काहीही सांगत नाहीत. ते एका कंडक्टरला नोट हुंगायला लावतात, आणि नव्या राष्ट्राच्या नव्याकोऱ्या कागदाला जुन्या राजवटीचा वास येतो आहे हे आपल्या नाकाला कळते. बुद्धीला ते कळायला नंतर बराच वेळ लागतो.

दृश्य इथे संपत नाही. नोट हुंगताना कंडक्टरच्या लक्षात येते, मागच्या बाकावर कुणीतरी बसले आहे आणि टक लावून पाहते आहे. तो हादरतो. आपली लबाडी कुणी पाहिली, आता हा जाब विचारणार, या धास्तीने तो नरमतो आणि पाहणाऱ्याला लाच देऊन गप्प करण्याचा विचारही करतो. मग जवळ गेल्यावर कळते की तो माणूस उघड्या डोळ्यांनी झोपला आहे आणि त्याच्या तोंडातून लाळ ओघळून बाकावर पडली आहे. क्षणापूर्वीची भीती शिव्यांत फुटते आणि त्या बिचाऱ्याला लाळ पुसून खाली उतरावे लागते. हाच कादंबरीचा नायक. त्याला नाव नाही. लेखक त्याला सबंध पुस्तकभर नुसता 'माणूस' म्हणतो. साक्षीदार आहे, डोळे उघडे आहेत, पण तो झोपेत आहे. एका समाजाची सदसद्विवेकबुद्धी कुठल्या अवस्थेला आली आहे, हे याहून थोडक्यात कसे सांगावे?

कादंबरी ज्या पक्षाच्या राजवटीत घडते त्याचा इतिहास आधी डोळ्यांपुढे ठेवला तर हे पुस्तक अधिक खुलते. कन्व्हेन्शन पीपल्स पार्टी हे त्याचे नाव. १२ जून १९४९ रोजी अक्रा शहरात सुमारे ६०,००० लोकांसमोर, पुढे देशाचे अध्यक्ष झालेल्या क्वामे एन्क्रुमा यांनी तो स्थापन केला. एन्क्रुमा आधी ज्या पक्षात होते त्यातले वकील आणि व्यापारी स्वराज्य शक्य तितक्या लवकर मागत होते, याने ते ताबडतोब मागितले. त्याचे चिन्ह लाल कोंबडा, त्याचे पाठीराखे बाजारातल्या बाया, शाळा अर्धवट सुटलेली पोरे, लॉरीवाले, रेल्वे आणि गोदीतले कामगार. स्वतःचे घर नसल्याने दुसऱ्यांच्या ओसरीवर निजणारी ही पोरे. प्रतिष्ठितांनी त्यांना 'व्हरांड्यातली पोरे' म्हणून हिणवले आणि त्यांनी ते नाव अंगावर दागिन्यासारखे मिरवले. जानेवारी १९५० मध्ये 'पॉझिटिव्ह अॅक्शन' नावाचा सत्याग्रह झाला. गांधीजींच्या मार्गाचे ऋण एन्क्रुमांनी स्वतः मान्य केले आहे. एन्क्रुमा तुरुंगात गेले. फेब्रुवारी १९५१ मध्ये ते तुरुंगात असतानाच पक्षाने थेट निवडणुकीच्या ३८ पैकी ३४ जागा जिंकल्या, आणि अक्रातून २३,१२२ पैकी २२,७८० मते एकट्या एन्क्रुमांना पडली. ब्रिटिश गव्हर्नरने त्यांना कोठडीतून काढून सरकार बनवायला बोलावले. सुटून आलेले कार्यकर्ते 'पी. जी.' अशी अक्षरे असलेल्या टोप्या घालत. त्याचा अर्थ 'प्रिझन ग्रॅज्युएट', तुरुंगाचे पदवीधर! ६ मार्च १९५७ च्या मध्यरात्री, देश स्वतंत्र झाल्याचे सांगताना, एन्क्रुमांच्या डोक्यावर तीच टोपी होती. ही टोपी पाहून कोणत्या मराठी वाचकाला आपल्या घरातली एखादी जुनी तसबीर आठवणार नाही?

आणि आता सहावे प्रकरण. माझ्या मते या कादंबरीचे हृदय इथे आहे. आतापर्यंत तृतीयपुरुषी चाललेले निवेदन अचानक 'मी' म्हणू लागते. हा 'मी' नायक की त्याचा एकांतवासी मित्र 'टीचर', याचा निकाल लेखक लावत नाहीत, आणि न लावण्यातच मौज आहे. पक्षावर ज्या पिढीने जीव टाकला त्या साऱ्या पिढीचा तो आवाज होतो. युद्धाहून परतलेले आणि मनाने मोडलेले पुरुष, बंदरावर काम करताना पाय गमावलेला कोफी बिली, लाटा अडवणाऱ्या बांधावर बसून सगळ्यांबरोबर गांजा ओढणारी मानान. काम नाही, आशा नाही. आधी वकील येतात आणि त्यांच्या पोशाखात लोकांना गोऱ्या साहेबाचीच सावली दिसते. मग एक तरुण येतो. तो गर्जना करत नाही. आपण एकटे कुणीच नाही, सामर्थ्य आहे ते तुमचे, अशा अर्थाचे काहीतरी तो साधेपणाने बोलतो. आर्मांची कमाल अशी की ते भाषणाकडे फारसे पाहत नाहीत, ऐकणाऱ्यांकडे पाहतात. मानानच्या चेहऱ्यावर जे उमटते ते सरळ सरळ प्रेम आहे. पुरुषांनी फसवलेली, शरीराने थकलेली एक बाई एका राजकीय सभेत प्रेमात पडते, आणि ते जराही हास्यास्पद वाटत नाही. एका पक्षाचा उदय आकड्यांनी सांगता येतो, वर तो सांगितलाही. पण ते साठ हजार लोक तिथे उभे का राहिले, याचे उत्तर मानानच्या त्या चेहऱ्यावर आहे.

याच प्रकरणात अबोलिगा नावाचा एक मित्र विचित्र प्राण्यांच्या एका पुस्तकातले चित्र दाखवतो. त्या चित्रात एक मूल आहे. ते जन्मले, तरुण झाले, प्रौढ झाले, म्हातारे झाले आणि नैसर्गिक मरणाने मेले, आणि हे सगळे सात वर्षांच्या आत. मुलाच्या अंगावर म्हाताऱ्याची सुरकुतलेली कातडी. हे चित्र दाखवून मित्र ते मिटून ठेवतो, आणि लेखकही. घाना असा म्हातारा झाला, पक्ष असा कोमेजला, हे वाचकाला समजावत बसायचा मोह त्यांनी टाळला आहे. आपणच ते पान पुन्हा पुन्हा उघडतो आणि तारखा लावून पाहतो. १९५७ मध्ये स्वातंत्र्य. १९५८ मध्ये खटल्याविना पाच वर्षे डांबून ठेवण्याची मुभा देणारा कायदा. १९६० मध्ये प्रजासत्ताक. १९६४ मध्ये देशात एकच पक्ष राहावा म्हणून सार्वमत आणि त्यात ९९.९ टक्के 'होय'. १९६५ मध्ये निवडणूक झाली ती मतदानावाचूनच, कारण पक्षाचे सर्व १९८ उमेदवार बिनविरोध ठरले. ज्या पक्षाला एकदा शहराने जवळजवळ एकमुखाने मत दिले होते, त्या पक्षाला आता मत मागावेसेही वाटेनासे झाले. मुलाची कातडी सुरकुतली होती.

नायक रेल्वेत मालगाड्यांच्या नियंत्रणाच्या कचेरीत कारकून आहे. तो जिना चढतो, आणि आर्मा आपल्याला लाकडी कठड्यापाशी उभे करतात. हे पान मी कितीदाही वाचू शकेन. जुन्या वाड्यातल्या जिन्याचा, शेकडो तळव्यांनी काळा तुळतुळीत झालेला कठडा आपल्यापैकी अनेकांनी हाताळला असेल, तसाच हा. त्यावर वर्षानुवर्षे पॉलिश चढवले गेले आणि प्रत्येक थराखाली हातांचा, नाकाचा, घामाचा मळ गाडला गेला. लेखकाची नजर आणखी खोल जाते. तो म्हणतो, मळाला दोष देण्यात अर्थ नाही, खालचे लाकूडच कुजते आहे. कितीही पॉलिश लावा, अखेर जिंकणार ते कुजणेच. एका कठड्याचे एवढे सविस्तर, एवढे निर्विकार वर्णन वाचताना आधी किळस येते, मग दरारा वाटू लागतो.

ही कचेरी टाकोराडीच्या बंदराच्या परिसरातली आहे, आणि आर्मांचा जन्मही टाकोराडीचाच. सेकोंडी-टाकोराडीचे रेल्वे आणि गोदी कामगार १९५० च्या सत्याग्रहाचा कणा होते. त्याच कामगारांनी सप्टेंबर १९६१ मध्ये सक्तीच्या बचतीविरुद्ध संप केला आणि त्यांच्याच पक्षाच्या सरकारने त्यांच्या पुढाऱ्यांना तुरुंगात टाकले. ८ एप्रिल १९६१ च्या पहाटे एन्क्रुमांनी रेडिओवरून पक्षातल्या लोकांच्या संपत्तीच्या हावेवर कोरडे ओढले होते. म्हणजे लाकूड कुजते आहे हे त्यांनाही दिसत होते. पुढच्याच वर्षी एका मंत्र्याच्या पत्नीने लंडनमध्ये सोनेरी पलंग विकत घेतल्याचे प्रकरण जगभर गाजले. पॉलिश आणि कूज यांची शर्यत अशी चालली होती.

कादंबरीत हा सारा इतिहास एका हस्तांदोलनात मावतो. कूमसन हा नायकाचा जुना सोबती, एके काळी गोदीत आणि रेल्वेत राबलेला, आता पक्षाचा मंत्री. नायक त्याचा हात हातात घेतो आणि दचकतो. तो हात मऊ, गुबगुबीत झाला आहे. जे हात लोकांना त्यागाकडे नेणार होते ते आणखी राठ व्हायला हवे होते ना, एवढाच साधा प्रश्न त्याच्या मनात येतो. कूमसनची बायको एस्टेला देशी बिअर मानवत नाही म्हणून नाक मुरडते, आणि ज्यांनी ती बिअर महिन्याच्या खर्चातून काटकसर करून आणली त्यांचे चेहरे आपण पाहत राहतो. मग नावेचा व्यवहार निघतो. समाजवादी मंत्र्याला स्वतःच्या नावावर मासेमारीची नाव ठेवता येत नाही, म्हणून नायकाची बायको ओयो आणि सासू यांनी सह्या द्यायच्या. नायक सही करत नाही, ओयो करते. मोबदला काय? अधूनमधून थोडेसे मासे, आणि काही दिवसांनी तेही बंद.

नायक लाच घेत नाही. लाकडाचा एक व्यापारी ओंडके नेण्यासाठी वाघिणी मिळाव्यात म्हणून त्याच्यापुढे नोटा धरतो, आणि तो फक्त नको म्हणतो. या नकाराला आर्मा पुण्याईचे तेज देत नाहीत. घरी मुले अनवाणी आहेत, बायको गप्प आहे. ओयो त्याला एका पक्ष्याची उपमा देते. 'चिचिडोडो' नावाच्या त्या पक्ष्याला विष्ठेचा तिटकारा, पण त्याचे खाद्य म्हणजे अळ्या, आणि अळ्या पोसतात त्या विष्ठेतच. घरच्या माणसाने मारलेला हा टोमणा इतका अचूक बसतो की नायकाला, आणि आपल्यालाही, त्याला उत्तर सुचत नाही.

आणखी एका पात्रापाशी मराठी वाचक हमखास थांबेल. या भ्रष्टतेपासून दूर राहण्यासाठी एक घानावासी तरुण स्वतःचे नाव 'राम कृष्ण' ठेवतो, योगासने करतो, शीर्षासन करतो, मध आणि व्हिनेगर घेतो, ब्रह्मचर्य पाळतो. क्षयाने तो फार लहान वयात मरतो आणि मेल्यावर कळते की त्याचे काळीज आतून सर्वांत जास्त किडलेले होते. आपल्याकडून गेलेले ते नाव तिथे असे भेटावे याने मन चरकते. पण आर्मांना योगाची टवाळी करायची नाही. जगाकडे पाठ फिरवून शुद्ध राहता येते का, हा प्रश्न ते फार आत जाऊन विचारतात.

२४ फेब्रुवारी १९६६. एन्क्रुमा व्हिएतनाम युद्धात शांततेची बोलणी घडवण्यासाठी हॅनोईच्या वाटेवर चीनमध्ये होते, आणि मायदेशी लष्कर-पोलिसांनी सत्ता घेतली. अध्यक्षांच्या रक्षकदलाने काही काळ प्रतिकार केला. ज्या पक्षाचे लक्षावधी सदस्य म्हणून डंका पिटला जात होता, तो पक्ष मात्र रस्त्यावर उतरला नाही. संसदेसमोरचा एन्क्रुमांचा पुतळा पाडला गेला, पक्षावर बंदी आली. कादंबरीत यातले काहीही दिसत नाही. तिथे बातमी येते, आणि कालपर्यंत पक्षाचे गोडवे गाणारा युनियनचा माणूस नव्या राजवटीच्या समर्थनासाठी मोर्चाला चला म्हणून कामगारांना बोलवत येतो. एवढेच! सत्तांतराचे इतके नेमके चित्र मी दुसरीकडे वाचलेले नाही.

त्या रात्री कूमसन नायकाच्या घरी आसऱ्याला येतो. भीतीने त्याच्या अंगाला असह्य दुर्गंधी सुटली आहे. शिपाई दाराशी येतात, आणि निसटायला वाट उरते ती एकच: टोपलीच्या संडासाचे भोक, ज्यातून मैला वाहणारा कामगार मागच्या बोळातून टोपली ओढून काढतो. रसिकाने इथे मागची पाने उलटावीत. हाच कूमसन पूर्वी जेवायला आला असताना या संडासाच्या दारापर्यंत गेला होता आणि आत पाय ठेवणे अशक्य वाटून तसाच परतला होता. तेव्हा ते दृश्य आपल्याला केवळ श्रीमंती नखऱ्याचे वाटले होते. आता त्याच भोकातून त्याचे डोके, खांदे, गुबगुबीत देह बाहेर ढकलला जातो, आणि नायक त्याच्या मागोमाग त्याच घाणीतून सरपटतो. लेखकाला सूड उगवायचा असता तर त्याने एकट्या कूमसनला तिथून पाठवले असते. निर्मळ माणसालाही त्याच वाटेने जावे लागते, यात आर्मांची करुणा आहे. आणि त्या घाणेरड्या रात्रीतली एक सोन्यासारखी गोष्ट निसटू देऊ नये: घाबरून घामेजलेल्या मंत्र्याला पाहून ओयो आपल्या नवऱ्याला, तुम्ही याच्यासारखे झाला नाहीत हे बरे झाले, असे सांगते. एवढे एक वाक्य ऐकण्यासाठी त्या माणसाने किती वर्षे काढली!

कूमसन नावेतून पळतो. बंदरातून सुटतानाही चिरीमिरी लागतेच. नायक समुद्रात उडी टाकून पोहत किनारा गाठतो. सकाळी वाळूवर त्याला एक वेडी बाई दिसते. बोटांतून वाळू गाळत, सगळे एकात एक मिसळून टाकले म्हणून आक्रोश करणारी. ती मानान आहे. सहाव्या प्रकरणात त्या तरुण वक्त्याकडे पाहताना जिचा चेहरा उजळला होता, तीच. पक्षाच्या पतनाची किंमत आर्मांनी मंत्र्याच्या पळण्यात मोजली नाही, या बाईच्या हातांत मोजली आहे.

पुढे रस्त्यावर पोलीस एक छोटी नवी बस अडवतात. पोलीस दातांकडे बोट दाखवतो, म्हणजे काहीतरी खायला द्या; ड्रायव्हर परवान्यात नोट घालून तो पुढे करतो. राजवट बदलल्याला एकच दिवस झाला आहे. बस निघते आणि तिच्या मागच्या बाजूला रंगवलेले शब्द दिसतात. तेच कादंबरीचे नाव, स्पेलिंग चुकलेले, मधोमध एक सुंदर फूल. सुंदर माणसे अजून जन्मायची आहेत, असा त्याचा भाव. ते फूल तिथे का, याचा खुलासा लेखक करत नाहीत, आणि आपणही मागू नये.

चिनुआ अचेबे यांना ही कादंबरी रोगट वाटली. घानाच्या मातीपेक्षा पाश्चात्त्य निराशावाद तिच्यात अधिक बोलतो, असा त्यांच्या टीकेचा रोख होता. अचेबे यांच्याविषयी आदर ठेवूनही मला ते पटत नाही. ज्याला कधी आशाच वाटली नाही, त्याच्या हातून मानान लिहिली गेली नसती. या पुस्तकातली किळस ही प्रेमभंगाची किळस आहे.

कन्व्हेन्शन पीपल्स पार्टी नंतर त्याच नावाने पुन्हा उभी राहिली. २००८ मध्ये एन्क्रुमांच्या कन्या सामिया जोमोरो मतदारसंघातून निवडून आल्या, आणि पक्षाला संसदेत मिळालेली ती एकमेव जागा होती. २०१२ मध्ये तीही गेली. पक्षाचा हा सारा प्रवास इतिहासाच्या पुस्तकांत मिळेल, तो तिथे जरूर वाचावा. पण ही कादंबरी हाती आली तर तिचे सहावे प्रकरण दोनदा वाचा, एकदा क्रमाने आणि एकदा संपूर्ण पुस्तक संपल्यावर. दुसऱ्या वाचनात मानानकडे अधिक वेळ द्या.